दीडशे रुपयांची किल्ली : इसीएम बदललेल्या एका गाडीचे प्रकरण

सर आले तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीच्या डॅशबोर्डखाली डोके घालून उताणा पडलो होतो. "मिस्त्री, रिमोटचा सेल तेवढा बदलून द्या की," एवढेच काम. सेल बदलला, दोनदा दाबून पाहिला, गाडी दोन्ही वेळा कुईं करून बोलली. जुडगा परत देताना त्यातली दुसरी किल्ली हाताला लागली. साधी लोखंडी पट्टी, डोक्याला प्लॅस्टिक नाही, म्हणजे आत चिप असण्याचा प्रश्नच नाही.

"ही कुठली?"

"रस्त्यावर किल्लीवाला बसतो ना, त्यानं करून दिली. दीडशे रुपये. रिमोट रुसला होता, म्हणून महिनाभर हीच वापरतोय."

"दाराला ठीक आहे. पण गाडी चालू करायला मूळचीच लागत असणार."

"छे हो. आत्ता हिच्यावरच चालू करून आलो की."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ही गाडी २०१३ सालची, एक पॉइंट तीन लिटर डिझेलची. सांगलीत या इंजिनाच्या गाड्या इतक्या फिरतात की मी आजवर पाच-पन्नास तरी उघडल्या असतील. तिला कंपनीतूनच इमोबिलायझर येतो, म्हणजे ओळखीच्या चिपची किल्ली नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारे कुलूप. गॅरेजच्या भाषेत इमो. चिप नसलेल्या किल्लीवर या गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, फिरावा, इंजिन उचलू नये. इथे इंजिन उचलत होते. सरांना हे सोयीचे वाटत होते आणि मला पोटात गोळा आल्यासारखे झाले.

सर सांगलीच्या गावभागात, कृष्णेकाठच्या जुन्या वस्तीत राहतात, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. गाडी पहिल्या मालकाची, म्हणजे त्यांचीच. गावभाग म्हटल्यावर सांगलीकराला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही, तरी मी विचारला. "पुरात होती का?"

होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५. घरातली माणसे विट्याला पाहुण्यांकडे गेली, गाडी बोळात राहिली. पाणी सीटच्या गादीपर्यंत चढले आणि तीन दिवस हलले नाही. ओसरल्यावर पुतण्याने 'बघू तरी' म्हणून बॅटरी जोडून किल्ली फिरवली. पुरातल्या गाडीला कधीच करू नये ती गोष्ट हीच. ओल्या सर्किटला करंट मिळाला की पाण्याने जे वाचवले असते तेही जळते. मग गाडी ओढत एका गॅरेजला नेली. दीड महिन्यांनी चालू होऊन आली. सरांनी सगळी बिले जपून ठेवली होती, मास्तरच ते. संध्याकाळी फाइल घेऊन आले. पान भरून कामे लिहिलेली: ऑइल, फिल्टर, सीट सुकवणे, स्टार्टर ओव्हरहॉल. त्यात एक ओळ, 'ई.सी.एम. रिपेअर', म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती. पुढे रक्कम. बाकी काही नाही.

या एका ओळीत काय दडले होते ते शोधायला मला अर्धा दिवस लागला.

फॉइलची परीक्षा

आधी इमो काम कसा करतो ते सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. मूळ किल्लीच्या काळ्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. रिमोटच्या सेलशी तिचा काही संबंध नाही. सेल संपला तरी ती जिवंत. इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती तारेचे वेटोळे असते, त्याला आम्ही रिंग म्हणतो. किल्ली आत घालून फिरवली की या रिंगमधून सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल सुटतो, त्याच लहरींवर चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. डॅशबोर्डखाली इमोचा छोटा डबा असतो, तो ती ओळख पडताळतो. इथवर इंजिनाचा काही संबंध आलेला नाही. आता इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे इसीएम, त्या डब्याला विचारतो, आणि डबा दोघांनाच ठाऊक असलेल्या कोडने उत्तर देतो. उत्तर जुळले तर इसीएम इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर उघडायला लागतो. नाही जुळले तर सेल्फ खुशाल फिरू दे, डिझेलचा थेंब पडत नाही. म्हणजे कुलूप एका डब्यात नाही, दोन डब्यांच्या बोलण्यात आहे. काही गाड्यांत इमोचा डबा वेगळा नसतो, तो बॉडी कंट्रोलच्या युनिटमध्येच किंवा मीटरमध्ये असतो. बोलणे मात्र हेच.

तपासायला महागडे यंत्र लागत नाही. माझ्या डब्यात पोळ्या गुंडाळलेली अल्युमिनियम फॉइल होती. शेजारी त्याच मॉडेलची दुसरी गाडी सर्व्हिसला आली होती, मालकाला फोनवर विचारले आणि आधी तिच्यावर प्रयोग केला. मूळ किल्लीचे डोके फॉइलमध्ये दोन-तीन वेढे देऊन घट्ट गुंडाळले, चिप झाकली गेली. किल्ली फिरवली. मीटरवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकू लागला, सेल्फ घर्र घर्र फिरला, इंजिन मुके. फॉइल काढली, पहिल्या फिरक्यात चालू. धडधाकट गाडी अशी वागते.

आता सरांची. फॉइल तशीच, वेढे तेवढेच. दिवा लागलाच नाही. "तो पुरापासून लागत नाही," सर म्हणाले. सेल्फ मारला, इंजिन उचलले. मग स्टीयरिंगखालचे कव्हर काढून रिंगचे कपलर, म्हणजे तारांचा जोड, सोडवला. तरी चालू. मग इमोच्या डब्याचे कपलरही काढले, डबा काढून सरांच्या हातात दिला. तरी गाडी चालू झाली आणि मजेत आयडलिंगला लागली.

सर डब्याकडे बघत राहिले. "म्हणजे हा चार वर्षं नुसताच बसून होता?"

डबा बिचारा उत्तर द्यायला तयार होता. पाणी त्याच्यापर्यंत चढलेच नव्हते, तो चांगला होता. विचारणाराच उरला नव्हता.

बॉनेटखाली

गाडीतले कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावला. इसीएममधून गाडीचा चेसिस नंबर वाचता येतो. तो आला आणि सरांच्या आरसी बुकाशी जुळेना. शेवटचे सहाही आकडे वेगळे. म्हणजे इसीएम रिपेअर झालेलाच नव्हता. दुसऱ्या गाडीतून निघालेला आणून बसवला होता. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबलो आणि इसीएम बाहेर घेतला. अल्युमिनियमच्या झाकणाची कड एकदा कापून पुन्हा काळ्या सिलिकॉनने चिकटवलेली. कंपनीचे सील एकसारखे, बारीक असते. हे बोटाने फासलेले होते, एका कोपऱ्यात बोटाचा ठसासुद्धा.

दुसऱ्या गाडीचा इसीएम नुसता आणून लावला तर गाडी चालू होत नाही, कारण तो आपल्या जुन्या डब्याचा कोड मागत राहतो. गॅरेजवाल्यापुढे तेव्हा तीन रस्ते असतात. नवा इसीएम मागवून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सिक्युरिटी पिनने त्याची इमोशी ओळख करून द्यायची. किंवा जुन्या इसीएमच्या मेमरीतली माहिती काढून दुसऱ्यात भरायची. किंवा तिसरा, सगळ्यात स्वस्त आणि झटपट: इसीएमच्या प्रोग्राममध्ये फेरफार करून त्याला प्रश्न विचारायचाच बंद करायचा. बाजारात याला 'इमो ऑफ' म्हणतात. सरांच्या गाडीत हेच झाले होते.

त्या गॅरेजवाल्याला मी सरसकट शिव्या देणार नाही. पुरानंतरचे ते दोन-तीन महिने मी याच धंद्यात काढले आहेत. माझ्या दारात रांगेने चिखलाच्या गाड्या उभ्या होत्या, पार्ट मिळत नव्हते, माणसे घर धुवायची की गाडीचे बघायचे या पेचात. नव्या इसीएमचा आकडा सांगितला की समोरचा हात जोडायचा. अशा वेळी इमो ऑफ करून गाडी चालती करणे हा गुन्हा नाही. पण ते सांगायला पाहिजे होते. बिलावर 'इमो बंद केला' एवढे तीन शब्द लिहिले असते तर सर सावध राहिले असते. 'रिपेअर' लिहिल्यामुळे त्यांनी चार वर्षे गाडी रात्री बोळात उभी केली ती या भरवशावर, की रिमोट दाबला की कुईं होते, म्हणजे गाडी बंद.

हीच गल्लत सगळीकडे दिसते. रिमोट, सेंट्रल लॉकिंग, अलार्म हे खाते बॉडी कंट्रोल युनिटचे. इसीएमचे त्यांच्याशी देणेघेणे नसते. सरांना पटावे म्हणून इसीएम टेबलावर काढून ठेवलेला असतानाच बॅटरी जोडली, एक काच खाली ठेवली आणि रिमोटने गाडी लॉक केली. कुईं. इंडिकेटर लुकलुकले. मग काचेतून हात घालून आतून दार उघडले, तशी गाडी बोंबलायला लागली. गल्लीतली दोन कुत्रीही. इंजिनाला मेंदू नाही, पण अलार्म ठणठणीत. किल्ली फिरवली, सेल्फही फिरला, कारण या गाडीत सेल्फची लाइन किल्लीच्या स्विचवरून थेट जाते. पुश बटणाच्या नव्या गाड्यांत बहुधा तेवढेही होत नाही. स्कॅनरला इंजिन सापडेना, ब्रेकच्या एबीएस युनिटने मात्र 'यू ०१००' हा कोड दाखवला; त्याचा अर्थ, इंजिनाच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. स्टीयरिंगचे लॉक तर यांत्रिक, त्याला या कशाचीच खबर नाही.

तर इसीएम काढल्यावर जाते काय? गाडी जाग्यावरून हलत नाही, हे खरे. पण इमोच्या दोन बोलणाऱ्यांपैकी एक जातो, आणि त्याच्या जागी जो कोणी बसेल तो विचारेल किंवा विचारणार नाही.

चोरांना हे आपल्याआधी कळलेले आहे. चिपचा कोड फोडणे अशक्य नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी २००५ साली ४० बिटांच्या गुप्त कोडाची एक चिप फोडून दाखवली होती. पण रस्त्यावरचा चोर एवढी तसदी घेत नाही. तो आपल्याबरोबर दुसरा इसीएम घेऊनच येतो, एक तर इमो ऑफ केलेला, नाहीतर इमोचा डबा आणि किल्लीसकट जुळवलेला. बॉनेट उघडायचे, दोन कपलर काढायचे, दोन लावायचे. गाडीचोरांच्या टोळ्या अशा पकडल्या गेल्याच्या बातम्या पोलिसांच्या हवाल्याने अनेकदा आल्या आहेत. सरांच्या गाडीसाठी चोराला तेवढेही ओझे आणायची गरज नव्हती. आमच्याच धंद्यातल्या त्या गॅरेजवाल्याने आधी करून ठेवले होते.

शेजारच्या काकांची शंका

प्रयोग चालू असताना सरांबरोबर आलेले त्यांचे शेजारी सगळे ऐकत होते. त्यांनी मधेच विचारले, "मी सहा महिने मुलाकडं बेंगलोरला चाललोय. मग हा इसीएमच काढून कपाटात ठेवला तर?"

प्रश्न चांगला आहे आणि तो मला वर्षातून दोन-चार जण तरी विचारतात. काढून ठेवलेला तोच इसीएम परत लावला तर इमोची पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. कोड ज्या मेमरीत असतो ती बॅटरी काढली तरी पुसली जात नाही. तरीही मी नको म्हणतो. उघडी राहिलेली कपलर हे पावसाळ्यात ओलीला आणि उंदरांना आमंत्रण. पिना नाजूक, परत लावताना एक वाकली की हजारात खर्च. इसीएम घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत घासला जाऊन स्थिर विजेने दगावू शकतो. आणि एवढे करून चोर आपला इसीएम घेऊन आला तर तुमचा कपाटातला त्याला अडवत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा म्हटले तर अलार्म झोपतो. काकांना मी चाकाचे कुलूप आणि स्टीयरिंगची आडवी लोखंडी दांडी घ्यायला सांगितले. चोराला ती कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो. काकांना ते फार गावठी वाटले. चेहऱ्यावरून कळत होते.

कपाटातला पेढ्याचा बॉक्स

नव्या इसीएमची किंमत सरांना सांगितली. ते गप्प झाले. दहा वर्षांच्या गाडीत तेवढे पैसे घालणे मलाही पटत नव्हते. मग मी सहज विचारले, "जुना इसीएम परत दिला होता का त्यांनी?"

आपल्याकडे बरीच माणसे बदललेला पार्ट मागून घेतात; फसवले नाही ना याचा तो पुरावा. सरांनीही घेतला होता. दुसऱ्या दिवशी पेढ्याच्या बॉक्समधून घेऊन आले. झाकण उघडल्यावर आत पांढरी-हिरवी बुरशी चढलेली, एका बाजूचा पट्टा जळून काळा. पुतण्याची ती एक फिरकी. बोर्ड मेलेलाच होता. पण कोपऱ्यातली आठ पायांची मेमरी चिप, जिच्यात इमोचा कोड, चेसिस नंबर असा या गाडीचा जन्मदाखला असतो, ती वरून तरी स्वच्छ दिसत होती.

हे काम मी स्वतः करत नाही. कोल्हापुरात माझा एक मित्र फक्त इसीएमच उघडतो, जुना आणि गाडीतला असे दोन्ही इसीएम त्याच्याकडे पाठवले. सोबत आरसीची प्रत आणि सरांच्या सहीचे पत्र. तो त्याशिवाय हात लावत नाही, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे पाठवतो. जुनी चिप वाचली गेली. मग गाडीत होता त्या इसीएममधला फेरफार केलेला प्रोग्राम त्याने काढून मूळचा भरला आणि सरांच्या चिपमधली माहिती त्यात उतरवली. तिसऱ्या दिवशी तो इसीएम परत आला.

यात एक अनपेक्षित फायदा झाला. सरांची एक जुनी तक्रार होती, पुरानंतर गाडी थंडीत थडथडते आणि चढाला काळा धूर सोडते. त्यांनी पंप बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, डिझेलला दोष दिला. कारण वेगळेच होते. या डिझेल इंजिनाच्या प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड कोरलेला असतो. तो इंजेक्टर नेमके किती डिझेल सोडतो त्यातला बारीक फरक त्या कोडात असतो, आणि इसीएम त्याप्रमाणे वेळ कमी-जास्त करतो. चार वर्षे सरांचे इंजेक्टर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या कोडांवर चालत होते. आता जुन्या चिपमधून आलेले कोड इंजेक्टरवरच्या आकड्यांशी ताडून पाहिले, चारही जुळले. पहिल्या सेल्फलाच आवाजातला फरक माझ्या पोऱ्यालासुद्धा कळला.

इसीएम बसवला, इमोचा डबा लावला, रिंग लावली. इग्निशन ऑन केले. मीटरवर किल्लीचा दिवा लागला, क्षणभर थांबला आणि विझला. चार वर्षांनी. स्कॅनरवर चेसिस नंबर सरांचाच. मग फॉइल. या वेळी सरांनी स्वतः गुंडाळली, पोळीच्या घडीइतकी नीट. दिवा लुकलुकला, सेल्फ फिरत राहिला, इंजिन उठेना. सर हसले आणि आणखी दोनदा करून पाहिले. बॅटरी उतरेल म्हणून मीच थांबवले.

विम्याचे एक राहिले होते, ते सांगून टाकले. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. सरांची दुसरी मूळ किल्ली पुरात वाहून गेली होती. तिची चिप इमोच्या डब्यात अजून नोंदलेली, म्हणजे ती कुणाला चिखलात सापडली असेल तर तिच्यावर आता गाडी चालू होईल. सर्व्हिस सेंटरला जाऊन जुनी नोंद पुसून नवी दुसरी किल्ली नोंदवून घ्या, आणि किल्ली हरवल्याचे विमा कंपनीला लेखी कळवा, असे सांगितले. सरांनी वहीत लिहून घेतले, तारखेसकट.

माझ्या बिलावर मी सविस्तर लिहिले: मूळ इसीएमची माहिती दुसऱ्या इसीएममध्ये उतरवली, इमो चालू केला, दोन्ही चेसिस नंबर अमुक. थोडी जागा कमी पडली, उरलेले मागे लिहिले.

निघताना सरांनी ती लोखंडी पट्टी जुडग्यातून काढली आणि माझ्या भंगाराच्या डब्यात टाकायला निघाले. मी थांबवले. "असू द्या. दार अजून हिच्यानं उघडतं. मूळची आत राहून गाडी लॉक झाली की आठवण येईल."

ती त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवली.